साकव कुणी बांधला? आमदाराचं काम कसं वाचायचं

कोकणात गाव लागायच्या आधी फलक लागतो. ‘आमदार अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून मंजूर’, त्याखाली कामाचं नाव, लेखाशीर्ष (पैसा अर्थसंकल्पातल्या कुठल्या सदराखालचा ते), रक्कम आणि एका ओळीत सातआठ हसरे चेहरे. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी त्याच फलकाखालच्या खड्ड्यातून गाडी सावरत विचारतो, “आमदारान आमच्यासाठी केल्यान तरी काय?” गावातला कार्यकर्ता फलकाकडे बोट दाखवतो. दोघंही ठाम, आणि पुरावा म्हणून एकाकडे खड्डा, दुसऱ्याकडे फलक.

लोकप्रतिनिधीने आपल्या भागासाठी काय केलं हे सांगणारे कागद वेगळेच असतात. त्यातले बहुतेक उघड असतात आणि ते वाचायला वकील लागत नाही. चिकाटी मात्र लागते. आणि त्याआधी कुठलं काम कुणाच्या हातात आहे, हे ठाऊक असावं लागतं.

रस्त्याचंच घ्या. वाडीवरून गावात उतरणारा ग्रामीण मार्ग आणि त्याच्या पुढचा इतर जिल्हा मार्ग, म्हणजे सरकारी कागदातला ‘इजिमा’, हे जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे ‘प्रजिमा’, आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. मुंबई-गोवा महामार्ग केंद्राचा. त्यातही पनवेल ते इंदापूर हा पट्टा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरपासून खाली झारापपर्यंतचा राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. चौपदरीकरण २०११ मध्ये पनवेलच्या बाजूने सुरू झालं. त्यानंतर किती सरकारं बदलली, किती ठेकेदार बदलले आणि उच्च न्यायालयात किती तारखा पडल्या, हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. याच महामार्गावर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मनावर घेतलं तर या रस्त्यावर वर्षाच्या आत पूल उभा राहू शकतो, हेही याच रस्त्याने दाखवून दिलं आहे.

तर महामार्गावरचा खड्डा बुजवणं आमदाराच्या हातात नाही. पण राज्याच्या खात्याकडे असलेल्या पट्ट्याबद्दल विधानसभेत मंत्र्याला उत्तर द्यायला लावणं त्याच्या हातात आहे. प्राधिकरणाच्या पट्ट्याबद्दल हेच काम खासदाराचं. त्यामुळे “खड्डा का बुजवला नाही?” या प्रश्नातून आमदार सहज निसटतो. “या खड्ड्याबद्दल सभागृहात कधी विचारलंत आणि उत्तर काय मिळालं?” असं विचारलं की निसटायला जागा उरत नाही.

खासदाराच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, पण लोकसभेला मत देतात रायगड मतदारसंघात. पनवेल, कर्जत, उरण रायगड जिल्ह्यातले, पण लोकसभेला मावळमध्ये, म्हणजे घाट चढून थेट पिंपरी-चिंचवडच्या पंगतीत. पूर्वीचा राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला आणि त्या भागातला मोठा पट्टा रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये आला. त्यामुळे ‘आमच्या जिल्ह्याचा खासदार’ म्हणताना आधी आपला मतदारसंघ तपासावा. चुकीच्या माणसाला शिव्या घालण्यात कोकणाची बरीच शक्ती वाया जाते.

आता पैशाकडे येऊ.

‘आमदार निधी’ म्हटलं की लोकांना वाटतं, आमदाराच्या खात्यात पैसे येतात आणि तो वाटतो. तसं काहीही नाही. स्थानिक विकास निधीत महाराष्ट्रातल्या आमदाराच्या नावे आता वर्षाला ५ कोटी रुपये असतात. खासदाराच्या नावेही ५ कोटी. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला, १९९८ मध्ये २ कोटी झाला आणि २०११-१२ पासून ५ कोटी. हे पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतात. लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतो. काम नियमात बसतं का ते प्रशासन बघतं आणि बांधकाम सरकारी यंत्रणा करून घेते. कायमस्वरूपी सार्वजनिक मालमत्ता उभी राहिली पाहिजे, ही मूळ अट. देवळाचा जीर्णोद्धार त्यातून होत नाही. म्हणून देवळासमोर ‘सभामंडप’ होतो, आणि तो ‘सार्वजनिक सभागृह’ म्हणून कागदावर येतो. कोकणात अशी सभागृहं किती आहेत ते मोजायला बसू नका.

५ कोटी ऐकायला मोठे वाटतात. समजा एका मतदारसंघात २०० गावं आहेत आणि प्रत्येक गावाला ४ वाड्या. कोकणात हे कमीच झालं. पाच वर्षांचे २५ कोटी आठशे वाड्यांवर सारखे वाटले, तर वाडीला पाच वर्षांत ३ लाख १२ हजार येतात. त्यात पाखाडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचा, एखादा तुकडा होतो, फार तर विहिरीचा कठडा. तेव्हा जो आमदार फक्त आपल्या निधीच्या जोरावर कामं सांगतो, त्याचं काम मुळातच लहान असतं. खरे पैसे राज्याच्या अर्थसंकल्पात, पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये वाढवून घेतलेल्या तरतुदींत) आणि जिल्हा वार्षिक योजनेत असतात. त्यातून आपल्या भागाला किती ओढून आणलं, हे बघावं. गावोगावचे कार्यकर्ते ‘पंचवीस-पंधरातून आणलं’, ‘पन्नास-चोपन्नमधून आणलं’ म्हणतात, ते याच अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षांबद्दल. २५१५ म्हणजे गावांतल्या मूलभूत सोयींची कामं आणि ५०५४ म्हणजे रस्ते-पूल.

इथे फलक कसा फसवतो ते बघा. दहा कोटींचा रस्ता अर्थसंकल्पात आला म्हणजे दहा कोटी आले असं नाही. पहिल्या वर्षी त्यातले थोडेच ठेवलेले असतात, टोकन म्हणून. फलकावर मात्र पूर्ण रक्कम येते. मंजूर किती, त्या वर्षाची तरतूद किती, प्रत्यक्ष वितरित किती आणि खर्च किती, हे चार आकडे सारखे कधीच नसतात. फलकावर फक्त पहिला असतो, कारण तो सगळ्यात मोठा असतो.

आता साकवाची गोष्ट. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, साकव म्हणजे व्हाळावरचा, पऱ्यावरचा, तुमच्या भाषेत ओढ्यावरचा लहान पूल. पावसाळ्यात चार महिने व्हाळ भरून वाहतो आणि पलीकडची वाडी तुटते. पोरांची शाळा बुडते, आजारी माणसाला डोलीत घालून आणावं लागतं. पूर्वी गावकरी माडाचे नाहीतर पोफळीचे सोट टाकून साकव घालायचे. आता सिमेंटचा हवा असतो, आणि तो वाजवीच आहे.

हा साकव कागदावर कसा चालतो? ग्रामसभेचा ठराव होतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा अभियंता जागा बघून अंदाजपत्रक करतो. मग काम जिल्हा वार्षिक योजनेच्या यादीत यावं लागतं. कोकणातल्या जिल्ह्यांत साकवांसाठी त्या योजनेत वेगळी तरतूद असते, पण मागणी नेहमीच तरतुदीच्या कितीतरी पट. यादी ठरते जिल्हा नियोजन समितीत, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. आमदाराचं वजन इथे कळतं. यादीत आलं की प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मग काम. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त, नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही.

आणि या सगळ्यात अडकतं कुठे, तर जमिनीवर. साकवाच्या दोन्ही बाजूंना जोडरस्ता लागतो आणि तो कुणाच्या तरी सामायिक सातबाऱ्यातून जातो. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली सहा वारलेली, वारसनोंद झालेली नाही, तिघे विरारला, एक बडोद्याला आणि दोघा भावांचं एकमेकांशी बोलणं नाही. संमतीपत्र मिळत नाही आणि निधी मार्चअखेर परत जातो. पुढच्या वर्षी पुन्हा यादी. इथे जो आमदार किंवा त्याचा माणूस विरारला जाऊन सह्या आणतो, त्याने खरं काम केलेलं असतं. ते काम कुठल्याही फलकावर नसतं, कारण “सतरा सह्या गोळा केल्या” असा फलक कुणी लावत नाही. माझ्या मते कोकणातल्या आमदाराची खरी परीक्षा इथे होते.

म्हणून साकव कुणी बांधला, या प्रश्नाला एकच नाव उत्तर म्हणून येत नाही. ठराव सरपंचाचा, यादीतला क्रमांक आमदाराचा, सही पालकमंत्र्यांची, पैसा करदात्याचा, जमीन त्या सतरा जणांची. यातला आमदाराचा वाटा वेगळा काढता आला की वाचन जमलं.

विधानसभेत काय होतं?

आमदाराचं मुळातलं काम कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं. साकव हे त्याचं जोडकाम. पण लोक जोडकामालाच मत देतात आणि तोही तेवढंच करतो. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार. त्यात सिंधुदुर्गातले तीन, रत्नागिरीतले पाच, रायगडातले सात आणि पालघरचे सहा. एवढ्यांचा आवाज विदर्भ-मराठवाड्याच्या गर्दीत ऐकू यायचा, तर सभागृहाची हत्यारं नीट चालवता आली पाहिजेत.

त्यातलं रोजचं हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं. छापील प्रश्नाचा साचा ठरलेला: “अमुक तालुक्यातील तमुक नदीवरील पूल नादुरुस्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” आणि उत्तरं: “हे खरे आहे”, “अंशतः खरे आहे”, “हे खरे नाही”, “प्रश्न उद्भवत नाही”. हे प्रश्न आणि कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतं. वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण ‘अंशतः खरे आहे’ या शब्दांना एक वेगळीच चव असते. मंत्री तिथे थोडं कबूल करतो आणि उरलेलं खाली ढकलतो. चांगला आमदार उपप्रश्नात नेमकं ते ढकललेलं उचलतो. लेखी प्रश्न अनेकदा कार्यालयात कुणीतरी तयार करून देतो. उपप्रश्न उभं राहून, ऐनवेळी विचारावा लागतो. अभ्यास तिथे दिसतो.

फक्त प्रश्नांची संख्या मोजून काही कळत नाही. महाराष्ट्रात एका प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं असतात. यादीत पंधरावं नाव असलेला आमदारही तो प्रश्न आपल्या खात्यावर मांडतो. दुसरं म्हणजे मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तरं द्यायची असतात. तेव्हा मंत्र्याच्या नावापुढे शून्य प्रश्न बघून ‘हा बोललाच नाही’ असं म्हणणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका. लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा ही बाकीची हत्यारं. यातून मंत्र्याने दिलेलं आश्वासन हवेत जात नाही, त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. आपल्या आमदाराने मिळवलेल्या आश्वासनाचं पुढे काय झालं, हे विचारणारा मतदार मला तरी क्वचितच भेटतो.

मतदानाचं काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हीप, म्हणजे आदेश, मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे विधेयकावरचं मत बहुधा पक्षाचं असतं. त्यावरून माणूस मोजण्यात फारसा अर्थ नाही. भाषणात तो काय बोलला, कुठली दुरुस्ती सुचवली, ते बघा.

भांडून भागाला काय मिळू शकतं याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नुकसानभरपाईचे निकष हेक्टरी होते, बागायतीला हेक्टरी १८ हजार. आता कोकणातली वाडी हेक्टरात मोजतच नाहीत, गुंठ्यात मोजतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने साधारण १,८०० रुपये पडतात, आणि त्या वाडीत दाटीने लावलेली वीस-पंचवीस वर्षांची झाडं असतात. ओरड झाली, दर हेक्टरी ५० हजारांवर गेला. तरी दहा गुंठ्यांना पाचच हजार. मग हेक्टरऐवजी झाड मोजायचं ठरलं, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. रक्कम तुटपुंजीच, पण मोजायची पद्धत कोकणाच्या जमिनीला धरून झाली. निकष देशावरच्या शेताला बघून लिहिले जातात. ते आपल्या जमिनीला लागत नाहीत हे पटवून बदलून घेणं, हे आमदाराचं काम. त्याला भूमिपूजन नसतं.

जुन्या नावांकडे वळायला हवं, कारण लोकप्रतिनिधीचं काम पाच वर्षांत दिसतंच असं नाही. कधी ते त्याच्या मृत्यूनंतर दिसतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ते निवडून आले मुंबईतून, पण १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत त्यांनी खोती पद्धत रद्द करणारं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुली करणारा, आणि रत्नागिरीत आणि कुलाब्यात (आजच्या रायगडात) कुळांना त्याच्या मर्जीवर जगावं लागे. अलिबागजवळ चरीचे शेतकरी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून संपावर होते, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. ते विधेयक काही मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ मध्ये. आजच्या प्रगतिपुस्तकात त्या विधेयकापुढे ‘अयशस्वी’ असा शिक्का बसला असता.

बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. राजापूरमधून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा लोकसभेत गेले. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही. नाथ पैंनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवण्यासाठी अशासकीय विधेयक आणलं. अशासकीय म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं. ते देशभर ‘नाथ पै विधेयक’ म्हणून गाजलं, पण मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, अवघे ४८ वर्षांचे. त्याच वर्षी आलेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना हवं होतं तेच केलं. आता सांगा, हे राजापूरचं काम की देशाचं? कोकण रेल्वेची मागणी लावून धरणाराही हाच माणूस होता, म्हणून वेंगुर्ल्यात कुणी हा हिशेब मांडत बसत नाही.

त्यांच्यानंतर मधू दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कोकणाशी रक्ताचं नातं शोधत गेलात तर हाती फारसं लागणार नाही. राजापूरने त्यांना १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिलं. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला तो त्यांच्या काळात. ती गादी राजापूरसाठी नव्हती, तेव्हा राजापूरला रेल्वेच नव्हती. कोकणाच्या बाजूची रेल्वे आपट्याहून रोह्याला पोचायलाच १९८६ उजाडलं. खरी गाठ सुटली १९९० मध्ये. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. अडचण पैशाची होती. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून पैसे द्यायचे तर हा मार्ग कधी झाला असता देव जाणे. म्हणून वेगळं महामंडळ काढलं. ५१ टक्के वाटा केंद्राचा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६, आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. गंमत म्हणजे फर्नांडिस तेव्हा बिहारच्या मुझफ्फरपूरचे खासदार. कोकणाची रेल्वे मार्गी लागली ती नगरला जन्मलेल्या आणि बिहारमधून निवडून आलेल्या दोन मंत्र्यांच्या वेळी.

आणि १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पाडलं. पूर्ण मार्गावर गाडी धावली २६ जानेवारी १९९८ ला. पंचवार्षिक हिशेबात हे काम बसवायचं तर ते कुणाच्या खात्यावर टाकाल?

‘आपला माणूस’ या कसोटीची दुसरी बाजूही आहे. दि. बा. पाटील उरण तालुक्यातल्या जासईचे, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पाच वेळा पनवेलचे आमदार आणि दोनदा कुलाब्याचे खासदार. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन सिडकोने घेतली, आणि मिळणाऱ्या भावात पोटाला काय उरणार हा प्रश्न त्यांच्या घरापासून सुरू होत होता. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं धोरण आलं. ‘साडेबारा टक्के’ हा आज त्या पट्ट्यातल्या घराघरातला शब्द आहे. इथे माणूस त्या मातीतला होता म्हणून फरक पडला, असं मला वाटतं. जमीन जाण्याचं दुःख फायलीतून कळत नाही.

बॅ. ए. आर. अंतुले आंबेतचे, श्रीवर्धनचे आमदार. जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढाच काळ मुख्यमंत्री. संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली, कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. सावंतवाडीच्या माणसाची कलेक्टर कचेरीसाठी रत्नागिरीपर्यंतची पायपीट संपली. आणि सिमेंट वाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर त्यांना पद सोडावं लागलं. दोन्ही पानं एकाच वहीतली आहेत. एक पान फाडून दुसरं वाचायचं, ही आपल्याकडची खोड दोन्ही बाजूंच्या भक्तांना आहे.

पार्श्वभूमी तपासायची तर निवडणुकीच्या अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र बघा, नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांमुळे ते आपल्याला मिळालं. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, आयकर विवरणातलं पाच वर्षांचं उत्पन्न, सगळं त्यात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सापडतं. एकच प्रतिज्ञापत्र वाचू नका, मागच्या निवडणुकीचंही शेजारी ठेवा. वडिलोपार्जित जमीन आणि स्वतः घेतलेली जमीन वेगळी दाखवावी लागते, स्वतः घेतलेलीची तारीख आणि खरेदीची किंमतही. मालमत्ता पाच वर्षांत दुप्पट झाली म्हणून लगेच डोळे वटारू नका. अलिबाग-पनवेलकडे काही न करता जमिनीचा भाव वाढतो. पण मधल्या पाच वर्षांत नव्याने घेतलेल्या जमिनी कुठे आहेत, आणि त्या बाजूने कुठला रस्ता किंवा प्रकल्प येतोय, हे मात्र नकाशा उघडून बघावं.

गुन्ह्यांचा आकडा असाच वाचायचा. जुन्या दंडसंहितेतली कलमं १४३, १८८, ३४१ दिसली तर बेकायदा जमाव, आदेशभंग, वाट अडवणं, म्हणजे बहुधा रास्ता रोको आणि मोर्चे. महामार्गासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसावर अशी पाचदहा असू शकतात. ४२० असेल तर फसवणूक, आणि तिथे थांबून वाचावं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे वेगळे क्रमांक आहेत. न्यायालयाने आरोप निश्चित केलेत का, तेही त्याच तक्त्यात असतं.

जे संकेतस्थळावर नाही ते माहितीच्या अधिकारात मिळतं. आमदार निधीची आणि जिल्हा वार्षिक योजनेची यादी हवी तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन समितीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. “आमदारांनी केलेल्या सर्व कामांची माहिती द्यावी” असं लिहिलंत तर हमखास टोलवाटोलवी होते. आर्थिक वर्ष लिहा, तालुका लिहा आणि मागा नेमकं: शिफारस केलेली कामं, प्रशासकीय मान्यतेची रक्कम, वितरित रक्कम, झालेला खर्च आणि काम पूर्ण झाल्याची तारीख. उत्तर ३० दिवसांत आलं पाहिजे. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. ते बेलापूरला आहे. उत्तर येईल तेव्हा शिफारस आणि काम पूर्ण झाल्याची तारीख हे दोन रकाने आधी बघा. ज्या ओळीत पहिला भरलेला आणि दुसरा कोरा आहे, त्या ओळीतल्या कामाच्या ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जाऊन या.